डेऱ्याच्या गळ्यातली किल्ली

मित्रांनो, माझ्यात डोकावून काय बघताय? लोणी नाही आत. घरधन्याच्या दोन काठ्या आहेत आणि एक मोडकी छत्री. आणि किल्लीला कोण हात लावतंय ते? ओढू नका. सुतळी जुनी आहे, तुटली तर बोल मलाच लागेल.

तुमच्या मनात काय चाललंय ते मला ठाऊक आहे. डेऱ्याच्या गळ्यात किल्ली, म्हणजे घरधन्या म्हाताऱ्यानं काहीतरी दडवलेलं असणार. या ओसरीवर येणारा प्रत्येक जण तेच म्हणतो. परवा तो घड्याळं विकणारा फिरता विक्रेता आला होता. या घरच्या बाई आत कॉफी करायला वळल्या आणि यानं किल्ली हळूच दाराच्या कुलपाला लावून बघितली. बसली नाही. ती या घरातल्या कुठल्याच कुलपाला बसत नाही. असल्या माणसांवर मी नजर ठेवून असतो, कारण माझा स्वभाव संशयी आहे. जन्मतः नव्हता. माणसांत राहून झाला. कसा झाला ते सांगतो, म्हणजे किल्लीचंही कळेल आणि तुमचे हातही जरा आवरतील.

मी लोणी काढायचा जुना लाकडी डेरा. माझी रवी गोल फिरत नाही, वर-खाली होते. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला लाकडी फुली. मला स्टॉफर म्हाताऱ्यानं घडवलं. आमच्या हॅलर्ड काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात म्हणा, पिंपं आणि बादल्या बांधणारा तो एकटाच, आणि बोलायला महातिरसट. देवदाराच्या फळ्या त्यानं नीट सुकवल्या, एकमेकींना चिकटवून उभ्या केल्या आणि वरून हिकरीच्या चिवट लाकडाचे पट्टे ठोकले. डिंक नाही, खिळा नाही. मग मला पाण्यानं काठोकाठ भरून खाली कोरडं फडकं अंथरलं. फडकं काही भिजलं नाही. गिऱ्हाईक म्हणालं, झालं की मग. स्टॉफर म्हणाला, "आत्ता नाही भिजलं. पुढचं कोणी सांगावं?" माझ्यावर अविश्वास दाखवणारा तो पहिला माणूस.

डॉर्कस लिंडामूड लग्न होऊन नाल्याकाठच्या ओंडक्यांच्या घरात राहायला आली, तेव्हा मी तिच्याबरोबर आलो. बापानं तिला दिलं ते एवढंच: एक गाय, एक पिसांची गादी आणि मी. चुलीच्या डाव्या अंगाला तिनं मला जागा दिली. फार जवळ नाही, फार लांबही नाही. तिथं साय छान आंबायची आणि रवीचे थोडे फटके बसले की लोण्याचे कण दिसायला लागायचे. चर्चच्या जेवणावळीला बायका आपापलं लोणी टेबलावर मांडायच्या. पाद्रीबुवा सगळ्यांचं तोंडभर कौतुक करायचे आणि भाकरीला मात्र डॉर्कसचं लावायचे. अशा दिवशी घरी आली की ती मला कढत पाण्यानं धुवायची, पालथा घालायची आणि बुडावर एक थाप मारायची. काय सांगू, त्या थापेसाठी मी आठवडाभर वाट बघायचो.

मग तिचा नवरा गेला. झाड पाडताना फांदी उलटून अंगावर आली. कबरीची माती ओली होती तोवरच त्याच्या भावांनी येऊन बैल सोडून नेले. म्हणाले, आमचेच होते, त्याला वापरायला दिले होते. डॉर्कस दारात उभी राहून बघत राहिली. त्या दिवसापासून आपल्याकडचं सगळं कोणीतरी नेणार आहे, असं तिच्या मनानं घेतलं. मिठाचं मडकं हलवून बघायची. काकवीच्या बुधलीवर बोटानं खूण करून ठेवायची. शेजारीण हसून बोलली तर हिला काय हवं असेल, आणि न हसता बोलली तर हिनं काय नेलं असेल. त्या घरात राहून मीही तसाच होत गेलो.

तिचा मुलगा एसा मोठा झाला आणि त्यानं ऑर्लीनाला लग्न करून आणलं. पोरगी गुणी होती, कामाला वाघीण होती. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझ्यातली साय कमी व्हायला लागली.

साय एसा खायचा. मला ठाऊक नसणार तर कोणाला? गोठ्यात जाण्याआधी तो पावलं न वाजवता यायचा, झाकण एका बाजूनं उचलायचा, शिळ्या मक्याच्या भाकरीचा तुकडा आत बुडवायचा आणि मिशा पुसत निघून जायचा. लहानपणापासूनची खोड. डॉर्कसला शंका आली तशी तिनं माझ्या आतल्या अंगाला कोळशानं रेघ मारली. दुसऱ्या दिवशी साय रेघेखाली. डॉर्कसनं रेघेकडे बघितलं आणि मग सुनेकडे बघितलं. मुलाकडे तिची नजर वळलीच नाही. घरातलं काही कमी झालं की सासू आधी सुनेकडे बघते, ही रीत आमच्या अख्ख्या काउंटीत होती. तुमच्याकडे नसेल, असं मला काही वाटत नाही.

ती तोंडानं काही बोलली नाही. "उंदीर फार झालेत," एवढंच म्हणाली. मग मला ओढत ओढत मागच्या पडवीत नेलं, पडवीच्या दाराला कुलूप घातलं आणि किल्ली सुतळीनं स्वतःच्या गळ्यात बांधली. हीच किल्ली, मित्रांनो. ऑर्लीनाचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. साय कोणाच्या मिशांना लागते ते तिला पक्कं ठाऊक होतं. पण नवऱ्याला चोर म्हणायचं कसं, आणि तेही त्याच्या आईसमोर? ती गप्प बसली. एसाही गप्प बसला. त्याचं गप्प बसणं मला जास्त लागलं.

पडवी म्हणजे फटींच्या फळ्यांची. वारा सरळ आत यायचा, बादलीतल्या पाण्यावर बर्फाचा पापुद्रा धरायचा. माझ्या पोटात साय अशी गारठायची की काय विचारता. आणि गारठलेल्या सायीतून लोणी निघत नाही. ती फेसाळते, फुगते, दांड्याला चिकटून वर येते, पण गोळा काही धरत नाही. डॉर्कस मला तिथंच पडवीत घुसळत बसली. हात भरून आले तेव्हा ऑर्लीनाला बसवलं आणि स्वतः समोर पहाऱ्याला उभी राहिली. सकाळची दुपार झाली. लोणी येईना. पुढच्या खेपेला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्या खेपेलाही तेच.

मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, अगं बाई, मला हात लावून बघ! पण डेऱ्याचं कोण ऐकतं?

डॉर्कसनं चिमूटभर मीठ चुलीत टाकलं. कोणी गाय बदलली का म्हणून गाईच्या कानावरची खूण तपासली. आणि मग, मला वाटतच होतं, तिनं तो शब्द काढला. करणी. "कोणीतरी माझ्या डेऱ्यावर करणी केली आहे." कोणी, हे तिनं सांगितलं नाही, पण खिडकीतून वर टेकडीकडे बघितलं.

टेकडीवर झिल्फा गॉस राहायची. नवरा रुएल आणि एक लहानगी, ड्रुसी. झिल्फा डोंगरापलीकडच्या खोऱ्यातली. आमच्या बायकांत बसायची नाही, बोलताना शब्द जरा ओढायची, आणि नाल्यावर भेटली तरी आधी आपण बोलल्याशिवाय बोलायची नाही. उन्हाळ्यात तिनं आमच्या वासराच्या पाठीवरून हात फिरवला होता आणि किती गोजिरवाणं आहे म्हणाली होती. पानगळीत वासरू मेलं. त्या वर्षी खोऱ्यात निम्मी वासरं मेली होती, पण डॉर्कसच्या डोक्यात एकच बसलं की हिची दृष्ट लागली.

करणीवरचा उपाय आमच्याकडे सगळ्यांना पाठ होता. घोड्याची नाल लाल होईपर्यंत तापवायची आणि सायीत सोडायची. जिनं करणी केली असेल तिला तो चटका बसतो. आणि त्यानंतर दारात पहिल्यांदा जी काही उसनं मागायला येईल, तीच ती. तिला तीनदा नाही म्हणायचं. तीनदा नाही म्हटलं की करणी तुटते. चुकून एकदा जरी हातावर काही ठेवलं, तरी ती दुप्पट होऊन बसते.

तर त्या दुपारी मला पडवीतून चुलीपाशी आणलं. बाहेर बर्फ पडत होतं. नाल निखाऱ्यांत लाल झाली, डॉर्कसनं ती चिमट्यात धरली आणि माझ्या पोटात सोडली. आई गं! साय चुरचुरली, वाफ झाली, आणि नाल तळाला जाऊन बसली ती मला भाजूनच. काठ्या बाजूला करून बघा, तळाशी अर्धगोल काळा डाग दिसेल. येणारे-जाणारे म्हणतात, कोणीतरी चंद्र कोरलाय. चंद्र कसला!

आणि लोणी आलं. थोडेसेच फटके आणि पिवळे कण दिसायला लागले. येणारच होतं. सायीला ऊब मिळाली, चुलीशेजारी मलाही मिळाली. पण डॉर्कसच्या डोळ्यांत जे आलं ते बघून मला भीती वाटली. ती आनंदली नव्हती. तिची खात्री पटली होती. चिमटा आणि नाल माझ्या झाकणावर ठेवून ती दाराकडे तोंड करून बसली, कोण येतंय ते बघायला.

झिल्फा आली.

तिच्या हातात झाकणाचं लहान लोखंडी भांडं होतं, तळाशी राख पसरलेलं. विस्तव न्यायचं भांडं. काड्यापेट्या तेव्हा काउंटीच्या गावात नुकत्या दिसायला लागल्या होत्या, आमच्या खोऱ्यात कोणाकडे नव्हत्या. रुएल डुकरांचा कळप हाकत दूरच्या बाजाराला गेला होता आणि चकमक त्याच्याबरोबर. रात्रभर ड्रुसीचा घसा घरघरत होता. तिला कवटाळून बसता बसता झिल्फाचा डोळा लागला, धुराड्यातून बर्फ चुलीत पडलं आणि निखारे मेले. हे सगळं तिनं दारात उभं राहून एका दमात सांगितलं. ओल्या लाकडांना पेटवायचं तरी कशानं, आणि पोरीला श्वास घेता येत नाहीये.

"डॉर्कसमावशी, दोन निखारे द्या."

"आमचेच विझत आलेत," डॉर्कस म्हणाली. तिच्या पाठीमागे ओंडका धडधडून जळत होता.

झिल्फानं तो बघितला. "मग चकमक तरी द्या. लगेच परत आणून देते."

"एसा घेऊन गेलाय." चकमक माझ्या डोक्यावरच्या फळीवर, सगळ्यांना दिसेल अशी ठेवलेली होती.

"मग पोरीला इथं घेऊन येते. चुलीपाशी बसवते आणि रात्र सरली की जाते."

"आजारपण माझ्या घरात नको."

तीन झाले. डॉर्कसनं मोठा श्वास सोडला. झिल्फाची नजर तिच्या खांद्यावरून माझ्याकडे आली. लोण्यानं माखलेली नाल, काळा पडलेला चिमटा. पलीकडच्या खोऱ्यातही तोच उपाय करत असणार, कारण तिला सगळं कळलं. तिचा चेहरा बर्फासारखा पांढरा पडला.

"हातावर चटका कशाचा आहे?" डॉर्कसनं विचारलं. झिल्फाच्या तळव्याजवळ लाल ओळ होती.

"भाकरी उतरवताना बसला. तुमच्याही हातावर आहेत, मावशी. बघा तरी."

डॉर्कसनं हात पदराखाली घेतले. म्हणजे तिच्या कामाच्या एप्रनखाली. तिच्या हातांवर तसले डाग किती होते ते मी रोज बघायचो. चुलीपाशी राबणाऱ्या कुठल्या बाईच्या हातावर नसतात? झिल्फा वळली आणि बर्फातून चालायला लागली. पुढचं घर नाल्यापलीकडे, आणि नाल्यावर बर्फाचा थर धड पक्का नाही, धड वितळलेला नाही. ते तिला ठाऊक होतं, आम्हालाही ठाऊक होतं.

ऑर्लीना इतका वेळ माझ्याशेजारी लोण्यातलं ताक पिळत बसली होती. ती उठली. हात पुसले. फावड्यानं चुलीतले निखारे उचलले आणि आमच्या लोखंडी पातेल्यात राखेवर घातले.

"ते खाली ठेव," डॉर्कस म्हणाली.

"साय मी खाल्ली नाही, आत्याबाई." तिनं पातेल्यावर झाकण घातलं. "तुम्ही कुलूप लावलंत, मी काही बोलले नाही. माझ्यावरच होतं ते, म्हटलं सोसू. हे त्या लेकरावर चाललंय."

"उंबरा ओलांडलास तर तू तिच्यातलीच."

दारात एसा उभा होता, हातात दुधाची बादली. त्यानं शेवटचं सगळं ऐकलं होतं. ऑर्लीनानं त्याच्याकडे बघितलं, वाट बघितली, आणि त्याच्या बाजूनं निघून गेली. ती बर्फात दिसेनाशी झाल्यावर त्याचं तोंड उघडलं. "आई, साय मी खायचो. लहानपणापासून खातो."

मित्रांनो, मला वाटलं, आता सुटलो सगळे. खरं काय ते बाहेर आलं. पण डॉर्कसनं त्याच्याकडे दयेनं बघितलं आणि म्हणाली, "बायकोला वाचवायला खोटं बोलतोस. तुलाही भारलंय त्यांनी."

संशयाचं हे असं असतं. खरं बोललेलंही तो गिळून टाकतो आणि आणखी लठ्ठ होतो.

ऑर्लीना वर पोचली तेव्हा लहानगीचे ओठ निळे पडले होते, असं नंतर कानावर आलं. झिल्फा नाल्याकडे वळायच्या आधीच ऑर्लीनानं तिला गाठलं होतं, दोघी एकदमच दारात पोचल्या. चूल पेटली, किटली चढली, आणि पोरीला वाफेत धरून दोघी आळीपाळीनं बसल्या. उजाडायच्या सुमारास घसा मोकळा झाला. इकडे डॉर्कसनं दाराला अडसर घातला होता. एसानं तो काढला, बायकोला आत घेतलं, पण त्या घरात तिघं परत एका टेबलाशी जेवायला बसली नाहीत.

पुढे जे झालं ते आठवलं की आजही माझ्या फळ्या आक्रसतात. नालेच्या गडबडीत मी चुलीपाशीच राहून गेलो होतो. पुढच्या खेपेलाही लोणी सुरेख आलं. विस्तव तर देऊन झाला होता, मग करणी दुप्पट व्हायला हवी होती ना? डॉर्कसनं लोण्याचा वास घेतला, बोटानं चाचपलं आणि सगळाच्या सगळा गोळा डुकरांना घातला. हे लोणी बरोबर नाही, म्हणाली. मग मला पुन्हा पडवीत नेलं. कुलूप लावलं. लोणी येईना. "बघितलंत?" ती कोणाला तरी म्हणाली. घरात ऐकायला कोणी नव्हतं.

वसंतात एसा आणि ऑर्लीना गाडीत सामान भरून पश्चिमेला निघून गेले. जाताना ऑर्लीना पडवीच्या कुलूपबंद दाराशी आली. फटीतून मला तिचा झगा दिसला. बहुतेक माझा निरोप घ्यायला आली असावी. की रडायला आली होती, कोण जाणे.

आता घरात साय चोरायला कोणीच नव्हतं, तरी कुलूप तसंच आणि किल्ली गळ्यात तशीच. दोन घरांमध्ये विस्तव जात नाही असं आपण बोलण्यात म्हणतो. त्या दोन घरांमध्ये तो खरोखरच गेला नाही, कितीतरी वर्षं. झिल्फा आपली चूल इतकी जपायची की म्हणे घराबाहेर पडली तरी मागे वळून धुराकडे बघत चालायची. डॉर्कस म्हातारी झाली. माझ्यात साय ओतायची, घुसळायची, आणि लोणी आलं नाही की टेकडीकडे बघून पुटपुटायची. माझे पट्टे सैल झाले. ना कढत पाणी, ना ती थाप.

एका हिवाळ्यात डॉर्कस तापानं आडवी झाली. दिवसभर उठली नाही आणि चूल विझली. मला पडवीत तिचा खोकला ऐकू येत होता. चकमक फळीवर होती, पण हात पोचायला हवा ना. मला वाटलं, संपलं आता.

आमच्या खोऱ्यात सकाळी उठलं की पहिल्यांदा बाहेर येऊन इतरांची धुराडी बघायची सवय. कोणाचा धूर दिसतोय, कोणाचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दारावर थाप पडली.

"कोण आहे?"

"झिल्फा."

खाट करकरली. मग डॉर्कसचा घोगरा आवाज आला. "मी काही मागितलं नाही."

"ठाऊक आहे. मागितलं की कोणीतरी नाही म्हणू शकतं. म्हणून विस्तव न मागता आणलाय."

दार लोटल्याचा आवाज झाला. राख सरकवली, काटक्या मोडल्या, फुंकणं. डॉर्कस खाटेवरून तिच्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून असणार, याबद्दल मला शंका नाही. बदल्यात काय हवंय, असं तिनं विचारलंही. झिल्फानं बाह्या मागे सारल्या. पाणी गरम केलं, मक्याची पेज केली. मग पडवीच्या दाराशी आली आणि कुलूप हलवून बघितलं. आत सरपण होतं. मी होतो.

"किल्ली द्या, मावशी. लाकडं आत आहेत."

उत्तर नाही.

"किल्ली द्या. हा ओंडका संपला की पुन्हा विझेल."

उत्तर नाही. मी श्वास रोखून होतो, डेऱ्याला श्वास असतो असं धरून चला.

"डॉर्कसमावशी," झिल्फा हळू आवाजात म्हणाली, "हे तिसऱ्यांदा मागते आहे."

मग मला सुतळी सुटल्याचा आवाज आला.

दार उघडलं. झिल्फानं लाकडं उचलली, मग माझ्याकडे बघितलं. माझ्यात डॉर्कसनं आजारी पडायच्या आधी ओतलेली साय होती, दगडासारखी गार. तिनं मला ओढत चुलीच्या डाव्या अंगाला नेलं आणि ठेवलं. काही मंत्र नाही, नाल नाही. दुपारी झाकण उघडून बघितलं, रवी धरली आणि घुसळायला लागली. थोड्याच वेळात दांड्याचा आवाज बदलला. तो आवाज डॉर्कसला ओळखू आला नाही असं होणार नव्हतं.

ती खाटेवरून उठली. भिंत धरत धरत माझ्यापाशी आली आणि कितीतरी वर्षांनी माझ्या पोटावर हात ठेवला. नुसता ठेवला. तसाच ठेवून उभी राहिली.

"ऊब आहे," ती म्हणाली. मग पडवीच्या उघड्या दाराकडे बघितलं, आणि दाराला लटकणाऱ्या कुलपाकडे. सगळं तिला एकदम कळलं असावं, कारण ती चुलीपाशी जमिनीवरच बसली. "साय कोण खात होतं, तुला ठाऊक होतं?"

"एसा. सगळ्या खोऱ्याला ठाऊक होतं, मावशी. त्याच्या मिशा बघून कळायचं."

डॉर्कस हसली आणि रडायला लागली, दोन्ही एकदम. तिनं झिल्फाचा हात ओढून स्वतःच्या हाताशेजारी धरला. झिल्फाच्या तळव्यावर जुनी पांढरी ओळ होती, डॉर्कसच्या हातांवर तसल्याच कितीतरी. "मला ऑर्लीनाला सांगायचंय," म्हणाली. कोणाकडून सांगणार? ती दोघं कुठल्या काउंटीत राहतात तेही तिला ठाऊक नव्हतं. तिनं कधी विचारलंच नव्हतं.

त्या वसंतात डॉर्कस गेली. त्याआधी तिनं ही किल्ली माझ्या वरच्या पट्ट्याला बांधली, आणि मला कढत पाण्यानं धुऊन, पालथा घालून एक थाप मारली. मग मी टेकडीवर झिल्फाकडे गेलो. तिच्यानंतर मला तिच्या मुलीनं इथं आणलं. हो, आत कॉफी करतात त्या बाई म्हणजे ड्रुसीच. घसा अजून थंडीत घरघरतो त्यांचा. आता लोणी दुकानातून येतं, म्हणून मी काठ्या सांभाळतो. ऑर्लीना कधी या वाटेनं आली तर किल्ली तिला दिसावी, कुलूप उघडलंय हे कळावं म्हणून मला ओसरीवर पुढेच ठेवलंय, असा माझा संशय आहे. बाई तसं बोलून दाखवत नाहीत.

मित्रांनो, माझी एवढीच विनंती. मला पावसात ठेवू नका, पट्टे सैल होतात. आणि घरात काही बिघडलं, लोणी येईनासं झालं, की लगेच टेकडीकडे बघू नका. आधी माझ्या पोटाला हात लावून बघा, गार तर नाही ना.